जुनी चिनी भांडी जमवताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षं लोक मला फोटो पाठवतात. आजोळच्या कपाटात सापडलेलं ताट, लिलावात आवडलेली फुलदाणी, घर विकताना माळ्यावरून निघालेली बरणी. दहातले आठ फोटो एकाच गोष्टीचे असतात: बुडावरच्या चिनी अक्षरांचे. प्रश्नही तेच ते येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. सोपे आधी, अवघड नंतर.

१. चिनी मातीचं भांडं म्हणजे पोर्सेलीनच ना?

नाही. मराठीत काचेसारखी झिलई असलेल्या कुठल्याही भाजक्या भांड्याला आपण चिनी मातीचं म्हणतो. जमवणाऱ्याला मात्र तीन जाती ओळखता आल्या पाहिजेत. पहिली, कमी आचेवर भाजलेली माती. तांग काळातले (६१८–९०७) तिरंगी झिलईचे घोडे आणि उंट या जातीतले. दुसरी, बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, दगडासारखी घट्ट. यीशिंगच्या झिलई नसलेल्या तांबूस चहादाण्या हे तिचं उत्तम उदाहरण. तिसरी, तेराशे अंशांच्या आसपास भाजलेलं पोर्सेलीन. ते पांढरं असतं, पातळ असेल तर त्यातून उजेड आरपार दिसतो आणि टिचकी मारली की घंटेसारखा नाद येतो.

पोर्सेलीनला केओलिन नावाची पांढरी माती आणि कुटून केलेली दगडाची भुकटी, अशा दोन गोष्टी लागतात. केओलिन हे नाव जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या गावावरून पडलं. ज्यांगशी प्रांतातलं हे जिंगदेझेन नाव लक्षात ठेवा. १००४ साली सम्राटाने आपल्या राजवटीचं नाव या गावाला दिलं. पुढे मिंग आणि त्यानंतरच्या छिंग राजघराण्यांच्या दरबारांची बहुतेक उत्तम भांडी इथल्याच भट्ट्यांतून निघाली.

२. आजीची लोणच्याची बरणी चिनी आहे का? वर तपकिरी, खाली पांढरी आहे.

ही बरणी भारतातलीच. खुर्जा, थानगढ अशा ठिकाणच्या कारखान्यांत अशा बरण्या लाखोंनी झाल्या. चिनी म्हणून तिला बाजारात किंमत नाही, पण लोणच्यासाठी तिच्याइतकं चांगलं भांडं नाही. विकू नका, वापरा.

३. बुडावर निळ्या रंगात सहा अक्षरं आहेत. वाचायची कशी?

हा राजवटीचा शिक्का. त्यात बहुतेक वेळा तीन-तीन अक्षरांच्या दोन उभ्या ओळी असतात. उजव्या ओळीपासून सुरुवात करायची आणि वरून खाली यायचं. पहिलं अक्षर ‘दा’, म्हणजे महान. दुसरं घराण्याचं, मिंग किंवा छिंग. तिसरं आणि चौथं मिळून राजवटीचं नाव. पाचवं ‘न्यान’, म्हणजे वर्षं. सहावं ‘झी’, म्हणजे बनवलं. ‘दा मिंग शुआनदे न्यान झी’ म्हणजे महान मिंग घराण्याच्या शुआनदे वर्षांत बनवलेलं.

नवखे इथे एका गोष्टीला हमखास फसतात. राजवटीचं नाव दोन ओळींत तुटतं: पहिलं अक्षर उजव्या ओळीच्या तळाशी, दुसरं डाव्या ओळीच्या माथ्यावर. चारच अक्षरं असतील तर घराण्याचं नाव गाळलेलं असतं. अठराव्या शतकात, विशेषतः छ्येनलाँग सम्राटाच्या काळात, चौकोनी वळणाची मुद्रालिपी रूढ झाली. तिच्यात पुष्कळदा दोन-दोन अक्षरांच्या तीन ओळी असतात.

४. शिक्क्यावर कांगशी सम्राटाचं नाव आहे. म्हणजे भांडं तीनशे वर्षांचं झालं ना?

या प्रश्नाचं उत्तर मी सर्वांत जास्त वेळा दिलं आहे, आणि ते बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं.

चिनी कुंभारांनी आधीच्या काळाचे शिक्के शतकानुशतकं वापरले. प्रत्येक वेळी त्यात फसवणूक नव्हती. जुन्या श्रेष्ठ कारागिरीपुढे नतमस्तक होण्याची ती रीत होती. कांगशीच्या काळातल्या (१६६२–१७२२) असंख्य भांड्यांवर मिंगच्या चेंगह्वा राजवटीचा (१४६५–१४८७) शिक्का आहे. खुद्द कांगशीचा शिक्का त्याच्या काळातल्या साध्या भांड्यांवर कमी दिसतो. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने सम्राटाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली होती. भांडं फुटून कचऱ्यात गेलं तर नावाचा अपमान होईल, असं त्यामागचं कारण सांगतात. म्हणून त्या काळच्या बुडांवर नुसतं निळं दुहेरी वर्तुळ, पान किंवा एखादं शुभचिन्ह आढळतं. उलट, चार अक्षरी कांगशी शिक्क्याची निळी-पांढरी भांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढिगाने झाली.

माझी पहिली मोठी खरेदी अशीच होती. तडकलेल्या बर्फावर पांढरी फुलं काढलेली निळी बरणी, बुडावर चार अक्षरं. विकणाऱ्याने ती तीनशे वर्षांची असल्याचं सांगितलं, मी अक्षरं ताडून पाहिली आणि दोन महिन्यांचा पगार मोजला. बरणी ग्वांगशूच्या काळातली (१८७५–१९०८) निघाली. हे कळायला मला चार वर्षं लागली, कारण त्या चार वर्षांत मी तिचं बूड नीट पाहिलंच नव्हतं, फक्त शिक्का वाचला होता. म्हणून कळकळीने सांगतो: शिक्का सगळ्यांत शेवटी वाचा.

५. मग आधी काय बघायचं?

बूड. टेबलावर जाड टॉवेल पसरा. झाकण असेल तर आधी काढून बाजूला ठेवा आणि दोन्ही हातांनी भांडं उलटं करा.

बुडाचं जे कडं जमिनीला टेकतं, त्यावर झिलई नसते. तिथे भांड्याचं उघडं अंग दिसतं. अंगठा फिरवून बघा. शे-दोनशे वर्षं फळ्यांवर सरकलेलं कडं गुळगुळीत लागतं, नवं कडं खडूसारखं कोरडं किंवा धारदार लागतं. झिलई संपते त्या रेषेवर जिंगदेझेनच्या जुन्या मालात पुष्कळदा बारीक नारिंगी छटा दिसते. जुना मळ खळग्यांत खोल बसलेला असतो. चहाने किंवा रसायनाने चढवलेला तपकिरीपणा सगळीकडे सारखा पसरतो. कड्याला वाळूचे कण चिकटले असतील तर घाबरू नका. मिंगच्या उत्तरकाळातल्या फुज्येन प्रांताच्या निर्यात मालात ती ओळखीची खूण आहे.

नंतर दहापटीचं भिंग घ्या. वाडग्याच्या आत वापराचे ओरखडे शोधा. खरे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी जातात आणि जिथे चमचा लागतो तिथेच दाट असतात. काचकागदाने घासलेले ओरखडे एकमेकांना समांतर असतात. चित्रात छपाईचे ठिपके दिसले तर भांडं आधुनिक आहे, पुढे बघायची गरज नाही.

मग निळा रंग. मिंगच्या आधीच्या युआन घराण्याच्या आणि मिंगच्या सुरुवातीच्या काळात या निळ्यासाठी लागणारं खनिज, कोबाल्ट, पश्चिम आशियातून यायचं. ते भाजताना जागोजाग साकळून काळसर ठिपके पडत, आणि ते झिलईत रुतलेले असत. कांगशीच्या काळात देशी कोबाल्ट इतकं शुद्ध केलं जाई, की एका निळ्यातून पाच-सहा छटा काढता येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा निळा बऱ्याचदा भडक आणि सपाट दिसतो. नक्कल करणारे ते साकळलेले ठिपकेही काढतात, पण कुंचल्याने वरून टेकवलेले ठिपके ओळीने येतात. निसर्गतः पडलेल्या ठिपक्यांना ओळ नसते.

शेवटी कुंचला बघा. मला तो सर्वांत बोलका वाटतो. ज्याने आयुष्यभर रोज तीच वेल काढली, त्याची रेघ कुठेही अडत नाही. नक्कल करणारा मूळ चित्राकडे बघत काढतो, म्हणून त्याची रेघ मध्येच थबकते. हे शब्दांत सांगून येत नाही. शंभर खरी भांडी बघितली की डोळा आपोआप थांबायला शिकतो (ती कुठे बघायची ते प्रश्न १० मध्ये).

६. शिक्काच नाही. मग भांड्याला काही अर्थ नाही का?

उलट. मिंगच्या आधीच्या सुंग आणि युआन घराण्यांच्या काळातल्या बहुसंख्य भांड्यांवर राजवटीचा शिक्का नसतो, आणि परदेशी पाठवलेल्या मालावरही तो क्वचितच असतो. शिक्का नसणं हा दोष नाही. प्रश्न ५ प्रमाणे तपासा.

७. बुडावर इंग्रजीत ‘चायना’ लिहिलंय. मग ते नवीनच?

नवीन नाही, पण फार जुनंही नाही. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या आयात कायद्यामुळे मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं, म्हणून असा माल साधारण १८९१ नंतरचा धरतात. ‘मेड इन चायना’ ही पूर्ण ओळ त्याच्याही नंतरची. एक अपवाद आहे: आधीच्या मालावर निर्यातीच्या वेळी असा शिक्का वरून मारलेला सापडतो. तो झिलईच्या वर असतो, नखाला लागतो.

८. विक्रेते ‘फामिय व्हर्त’ आणि ‘फामिय रोझ’ म्हणतात, म्हणजे काय?

ही फ्रेंच नावं एकोणिसाव्या शतकातली आहेत, चिनी नाहीत. झिलई झाल्यावर वरून रंग भरून भांडं पुन्हा कमी आचेवर भाजायचं, ही पद्धत दोन्हींत समान. पहिल्यात हिरवा रंग पुढे असतो आणि रंग पारदर्शक, काचेसारखे असतात. त्याचा बहर कांगशीच्या काळात आला. दुसऱ्यात अपारदर्शक पांढरा आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून केलेला गुलाबी असतो. हा गुलाबी १७२०च्या सुमारास आला. म्हणून कांगशीच्या सुरुवातीचं म्हणून दाखवलेल्या भांड्यावर असा दुधाळ गुलाबी दिसला तर थांबा.

९. गोव्यातल्या, मुंबईतल्या जुन्या घरांत ही भांडी आली कुठून?

समुद्रातून. पोर्तुगिजांचा मार्ग मकाव, मलाक्का, गोवा, लिस्बन असा होता. चांदोरच्या ब्रागांझा घरासारख्या गोव्याच्या मोठ्या घरांत चिनी पोर्सेलीन आजही मांडलेलं दिसतं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात जी पातळ, चौकटी-चौकटींत रंगवलेली निळी ताटं युरोपला गेली, त्यांना ‘क्राक’ म्हणतात. पोर्तुगिजांच्या कॅरॅक जहाजांवरून ते नाव पडलं असं मानतात. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या पोर्सेलीनच्या लिलावाने युरोपला या मालाचं वेड लागलं.

मुंबईची वाट कँटनची. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त कँटन बंदर खुलं होतं, आणि तिथे मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन जात. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला जाऊन आले. परतताना या लोकांनी ताटांचे संच, फुलदाण्या, भरतकाम केलेलं रेशीम आणलं. पारशी गारा साड्यांचं मूळ तिथलंच. या व्यापाराची दुसरी बाजू, अफूची, विसरून चालत नाही. कपाटातलं सुंदर ताट त्याच जहाजातून आलेलं असू शकतं.

चौल बंदराच्या उत्खननातही चिनी मालाचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे हे नातं पोर्तुगिजांच्या आधीचं आहे.

१०. खरी भांडी कुठे बघायला मिळतील?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. गर्दी नसलेल्या दुपारी जा, एका कपाटापुढे अर्धा तास थांबा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ‘घोरी’ म्हणून ओळखली जाणारी हिरव्या झिलईची सेलॅडॉन ताटं आहेत. विषारी अन्न वाढलं की असं ताट तडकतं, अशी समजूत होती. ती खरी नाही, पण दख्खनच्या दरबारांत ही ताटं एवढी का जपली गेली ते तिच्यावरून कळतं.

परदेशी गेलात तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं ९५ क्रमांकाचं दालन चुकवू नका. तिथे सर पर्सिव्हल डेव्हिड यांनी जमवलेल्या सुमारे १,७०० वस्तू आहेत. डेव्हिड यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईचा, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. त्या संग्रहात निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची एक जोडी आहे. तिच्या गळ्यावर दान देणाऱ्याने तारखेसह मजकूर लिहून घेतला आहे: साल १३५१. युआन काळातली निळी-पांढरी भांडी ओळखायला अभ्यासकांनी ज्या मापाचा आधार घेतला, ते माप हीच जोडी.

११. सुरुवात कशाने करू? फार पैसे नाहीत.

कोट्यवधींच्या बातम्या बाजूला ठेवा. २०१४ मध्ये चेंगह्वा काळातला कोंबड्यांच्या चित्राचा एक छोटा पेला हाँगकाँगला २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त किमतीला गेला, २०१७ मध्ये सुंग काळातलं रू भट्टीचं एक पात्र २९ कोटींवर गेलं. त्या जगाचा आपल्या खरेदीशी काही संबंध नाही.

माझा सल्ला बुडालेल्या जहाजांच्या मालाचा. ‘टेक सिंग’ हे चिनी जहाज १८२२ मध्ये बुडालं. १९९९ मध्ये त्यातून सुमारे साडेतीन लाख भांडी वर आली आणि २०००मध्ये जर्मनीत त्यांचा लिलाव झाला. ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज १७५२ मध्ये बुडालं, त्याचा माल १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला विकला गेला. अशा मालाची तारीख नक्की असते, तो संख्येने भरपूर असल्यामुळे साधा नग सामान्य माणसाच्या आवाक्यात असतो, आणि त्यावर लिलावाची मूळ चिठ्ठी असते. चिठ्ठी आणि पावती नसेल तर घेऊ नका, कारण समुद्राच्या मिठाने धूसर केलेल्या नकलाही फिरतात. जहाजांचा माल असा उपसून विकण्यावर पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो. तो समजून घेऊन मगच ठरवा.

दुसरा मार्ग: फुटके, सांधलेले पण अस्सल नग घ्या. दहा नकला घरात ठेवण्यापेक्षा सतराव्या शतकाचा एक फुटका वाडगा जास्त शिकवतो.

१२. तडा, टवका किंवा धातूच्या टाचा असतील तर?

दरबारी भांड्याची किंमत केसाएवढ्या तड्यानेही कोसळते. निर्यातीच्या साध्या मालात थोडं चालतं. फुटलेले तुकडे जोडायला मागच्या बाजूने मारलेल्या धातूच्या टाचा ही जुनी दुरुस्ती. त्या काढू नका, भांडं कुणीतरी जिवापाड जपल्याची ती खूण आहे. धोका असतो तो न दिसणाऱ्या दुरुस्तीचा. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली भांडं धरलं की नवा लेप बऱ्याचदा वेगळा चमकतो. टिचकीही मारून बघा, तडा असेल तर नाद बद्द येतो.

१३. प्रयोगशाळेतून तपासलं की नक्की कळतं ना?

बरंचसं, पण नक्की नाही. कार्बन चाचणी इथे निरुपयोगी. वापरतात ती उष्णतादीप्ती चाचणी. माती शेवटची कधी भाजली गेली ते त्यातून कळतं. तांग काळच्या घोड्यांसारख्या मातीच्या वस्तूंना ती फार उपयोगी. पोर्सेलीनसाठी मात्र बुडाला छिद्र पाडून नमुना काढावा लागतो. फसवणारेही हुशार असतात. जुनं बूड नव्या अंगाला जोडलं तर बुडाचा नमुना जुनाच येणार. वस्तूवर कृत्रिम किरणोत्सर्ग सोडून वय वाढवून दाखवल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून नमुना कुठून घेतला ते अहवालात बघा आणि चाचणीला प्रश्न ५ च्या तपासणीची जोड द्या.

१४. दोन तज्ज्ञ दोन गोष्टी सांगतात. कुणाचं ऐकू?

हे सर्वांत वरच्या पातळीवरही घडतं. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लोला एक मोठी निळी-पांढरी फुलदाणी लिलावात आली. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवून दोन हजार युरोंच्या आसपास किंमत लावली. बोली ७७ लाख युरोंवर गेली. बोली लावणाऱ्यांना ती अठराव्या शतकातली वाटली, तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला. किमतीने वाद मिटला नाही.

मी तज्ज्ञाला मत विचारत नाही, कारण विचारतो. “जुनं वाटतं” एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा “कड्याची ही बाजू बघा” म्हणणारा बरा. आणि शक्य असेल तिथे वस्तूच्या प्रवासाचे कागद बघतो: जुनी बिलं, लिलावाची यादी, घरातला जुना फोटो. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत मागे दिसणारी फुलदाणी निदान त्या तारखेइतकी जुनी नक्कीच असते.

१५. मुलगी अमेरिकेत आहे. आजीचं ताट तिला पाठवू का?

आधी थांबा. १९७२चा पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायदा १९७६ पासून लागू आहे, आणि शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू त्यात पुरातन ठरते. वस्तू चीनमध्ये बनलेली असली तरी ती भारतात असेल तर सुटका नाही. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तो अधिकार केंद्र सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या संस्थेचा. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड.

ताट शंभर वर्षांच्या आतलं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरातन नसल्याचा दाखला घ्या आणि मगच पाठवा. विमानतळावर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. नोंदणी सगळ्या वस्तूंना सक्तीची नाही, फक्त सरकारने जाहीर केलेल्या प्रकारांना आहे. आपली वस्तू त्यात बसते का, हे नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा. पुरातन वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

१६. चीनला गेलो तर तिथून आणता येईल?

१९११ च्या आधीच्या सांस्कृतिक वस्तू बाहेर न्यायला चीनमध्ये सर्वसाधारणपणे बंदी आहे. नेण्यास परवानगी असलेल्या जुन्या वस्तूवर लाल लाखेची सरकारी मोहोर असते. रस्त्यावरचा विक्रेता एकीकडे “मिंग आहे” म्हणतो आणि दुसरीकडे मोहोर लागत नाही म्हणतो, तेव्हा दोन्हींतलं एक खोटं आहे.

१७. हस्तिदंत, जेड, मीनाकाम यांचं काय?

हस्तिदंताला हात लावू नका. भारतात त्याचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. तांब्यावर तारा जोडून मीना भरलेल्या कामाला चीनमध्ये जिंगताई राजवटीवरून (१४५०–१४५६) नाव पडलं आहे, पण जिंगताईचा शिक्का हे जुनेपणाचं प्रमाण नाही. कारण प्रश्न ४ मधलंच. जेडमध्ये दोन वेगळे दगड येतात. चीनने हजारो वर्षं कोरला तो नेफ्राइट. ब्रह्मदेशातलं गर्द हिरवं जेडाइट अठराव्या शतकापासून रूढ झालं. रंगवलेला साधा दगड जेड म्हणून सर्रास विकला जातो, तेव्हा जाणकार सोबत असल्याशिवाय जेड घेऊ नका.

१८. ही भांडी वापरली, धुतली तर चालतील?

झिलईवर रंगवलेल्या भांड्यांत आंबट पदार्थ वाढू नका, कारण जुन्या रंगांत शिसं असतं. तांगच्या तिरंगी झिलईतही शिसं आहे, त्यात काहीच खाऊ नका. निळी-पांढरी अखंड भांडी कोमट पाण्यात, प्लॅस्टिकच्या टबात एकेक करून धुवा. गरम पाण्याने जुना सांधा सुटतो. सोनेरी काम घासू नका. उचलताना कान किंवा काठ धरू नका, एक हात बुडाखाली हवा. रचून ठेवायची असतील तर मध्ये मऊ कापड घाला. माझी दोन ताटं नुसत्या रचण्याने गेली.

१९. आईवडिलांच्या पश्चात भांडी वाटायची आहेत. आत्ताच काय करून ठेवू?

प्रत्येक भांड्याचे चार फोटो काढा: समोरून, वरून, बूड आणि दोष. उंची आणि रुंदी मोजा. मग आई-वडील, आत्या, काका यांच्यापैकी ज्यांना आठवतं त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक वस्तू कुणी, कधी, कुठून आणली ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. “मोठ्या काकांनी कलकत्त्याहून आणलं, भाऊंच्या मुंजीच्या वर्षी” एवढं वाक्यही पुरे. कागद भांड्याच्या आत ठेवू नका, वेगळ्या वहीत ठेवा आणि भांड्याला नुसता क्रमांक द्या, सहज निघेल अशा चिठ्ठीवर, झिलईवर सोनेरी काम नसेल तिथे. संच असेल तर भावंडांत एकेक नग वाटू नका, संच एकाकडेच राहू द्या. आणि हे लिहिण्याचं काम दिवाळीपर्यंत लांबवू नका.